सर, तुमचं कमिशन माझ्या बाबांना सांगा

पुण्यात डेक्कनवर ऑफिस थाटून जर्मनीला मुलं पाठवणाऱ्या एका सल्लागारास खुले पत्र

सर,

या पत्रात तुमचं नाव मी लिहीत नाही. तुमच्या काचेच्या दारातून आत येऊन ज्यांनी तुमची फी भरली ते ओळखतील, आणि तुम्ही तर पहिल्याच ओळीत ओळखलं असेल. तुम्ही आम्हाला फसवलंत, हे मला तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. व्हिसा लागल्यापासून तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून आता चारचौघांत सांगते.

फसवलंत म्हणजे काय, तेही नेमकं सांगते. कारण तुम्ही लगेच विचाराल, व्हिसा मिळाला, मुलगी बर्लिनला पोचली, कॉलेज मान्यताप्राप्त आहे, मग तक्रार कसली? ते सगळं खरं आहे. कॉलेजला सरकारी मान्यता आहे. माझी पदवी खोटी नसेल. लबाडी त्याच्या आधी झाली, तुमच्या टेबलावर. मुलीसाठी चांगलं काय, एवढंच विचारायला आम्ही आलो होतो आणि त्या विचारण्याचे पंचेचाळीस हजार रुपये बाबांनी तुम्हाला मोजले होते. तुम्ही ज्या खासगी कॉलेजचं नाव पुढे केलंत, ते माझ्या पहिल्या वर्षाच्या फीमधली टक्केवारी तुम्हाला देणार होतं. पैसे दोन्हीकडून घेतलेत, आणि ज्यांना हे कळायला हवं होतं त्यांच्यापासूनच ते लपवलंत.

मला हे कसं कळलं? कॉलेजच्या प्रवेश विभागातल्या एका बाईंनी बोलता बोलता सांगितलं. त्यांच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नाहीच. एजंटांशी करार असतात, बिलं येतात, ती चुकती होतात. माझ्या नावाचंही बिल आलं होतं.

तुम्हाला बाबा आठवतात का? एसटीत वाहक होते, आता निवृत्त आहेत. चिपळूणहून रात्रीच्या गाडीने कुंभार्ली घाट चढून आम्ही पहाटे पुण्यात उतरलो आणि तुमचं ऑफिस उघडेपर्यंत खालच्या टपरीवर बसून राहिलो. तुमच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा असलेला माणूस तुम्हाला ‘सर’ म्हणत होता आणि खुर्चीत टेकून बसायलाही संकोचत होता. तुम्ही त्यांना ‘काका’ म्हणालात. ‘काका, निर्धास्त राहा, हिची जबाबदारी आता माझी.’ बाबांनी पिशवीतून माझ्या मार्कलिस्टांचं प्लास्टिकचं पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी तुमच्यापुढे धरलं. तुम्ही ते उघडलं नाहीत. नुसतं विचारलंत, ‘सीजीपीए किती?’ मी म्हणाले, आठ पूर्णांक एक. तुम्ही मान हलवलीत. ‘पब्लिक युनिव्हर्सिटीला नाही होणार. तिथे कट-ऑफ फार वर असतो.’

त्या एका वाक्यावर बाबांच्या आयुष्याची पुंजी गेली. म्हणून त्या वाक्याचाच हिशेब आधी मांडते.

आपले गुण जर्मन पद्धतीत बसवायचं एक साधं सूत्र आहे. आपल्याकडची सगळीच मुलं त्याला बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्ण होण्यापुरत्या गुणांमधल्या फरकाने भागायचं, आलेल्या संख्येला तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. माझे गुण ८.१, कमाल १०, उत्तीर्ण व्हायला ४. म्हणजे १.९ भागिले ६, गुणिले ३, अधिक १. उत्तर १.९५. जर्मनीत आकडा जितका लहान तितके गुण चांगले, १ म्हणजे सर्वोत्तम. माझ्या विषयाच्या कितीतरी सरकारी अभ्यासक्रमांची अट २.५ किंवा त्याहून चांगल्या गुणांची आहे. तेवढ्यावर प्रवेश पक्का होतो असं मी म्हणत नाही. विषयांचे क्रेडिट जुळावे लागतात, स्पर्धा असते. पण मी अर्ज करायला पात्र होते, आणि ‘नाही होणार’ म्हणण्याइतकी वाईट परिस्थिती मुळीच नव्हती. तुमच्या टेबलावर कॅल्क्युलेटर होता, सर. माझ्या फीचे रुपये करायला तुम्ही तो लगेच पुढे ओढलात.

दुसरं कारण तुम्ही मुदतीचं दिलंत. सप्टेंबर महिना होता. ‘पब्लिकची तारीख गेली, आता थेट पुढचं वर्ष. पोरीचं वर्ष वाया घालवायचं का, काका?’ १५ जुलै गेली होती, हे खरंच. पण उन्हाळी सत्रासाठी बऱ्याच विद्यापीठांची मुदत १५ जानेवारीची असते, आणि ती चार महिन्यांवर होती. काही अभ्यासक्रम फक्त हिवाळ्यातच सुरू होतात, तेही तुम्ही सांगायला हवं होतंत, म्हणजे तुलना करून आम्ही ठरवलं असतं. नाहीतरी तुमच्या कॉलेजचे वर्गही एप्रिलमध्येच सुरू होणार होते.

परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज विद्यापीठांसाठी तपासणाऱ्या युनी-असिस्टमार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्यापुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो पडतात. पाच विद्यापीठांना अर्ज केले असते तर १९५ युरो, म्हणजे तुमच्या फीच्या निम्म्याहूनही कमी पैसे. कुठल्या अभ्यासक्रमाला फी आहे आणि कुठल्याला नाही, हे डीएएडी या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोधता येतं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फीच नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी लावली आहे. पण बर्लिनमध्ये सरकारी विद्यापीठात शिकणारी माझ्या ओळखीची मुलगी सत्राला साडेतीनशे युरोंच्या आसपास भरते, आणि त्यात तिला अख्ख्या देशातल्या लोकल आणि रिजनल गाड्यांचा पास मिळतो. मी वर्षाला तेरा हजार युरो भरते आणि तोच पास वेगळा काढते, २०२५ मध्ये महिन्याला ५८ युरो देऊन. आम्ही दोघी एकाच शहरात, जवळपास एकच विषय शिकतो. तिचा फॉर्म भरताना तिच्या मामाने मदत केली होती. तो संगमेश्वरला शाळामास्तर आहे.

फीचा आकडा ऐकून बाबा गप्प झाले, तेव्हा तुम्ही तिसरं आश्वासन दिलंत. ‘पार्ट-टाइममध्ये फी निघून जाते, काका. उलट ही घरी पैसे पाठवेल.’ हे वाक्य तुम्ही रोज म्हणत असाल. आमच्या कॉलेजातल्या नांदेडच्या, जळगावच्या, इचलकरंजीच्या मुलांनी ते वेगवेगळ्या ऑफिसांत ऐकलंय, शब्दही जवळजवळ तेच. म्हणून हा हिशेब सगळ्यांच्या आईवडिलांसाठी लिहिते. विद्यार्थ्याला इथे वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२ युरो ८२ सेंट होतं. त्या दराने, दिवसाला आठ तास धरून सगळे १४० दिवस काम केलं, एकही सुट्टी घेतली नाही, तरी कपातीआधी हातात येतात १४,३५८ युरो. त्यातून माझी तेरा हजारांची फी गेली की उरतात तेराशे अठ्ठावन्न. तेवढ्यात बारा महिन्यांचं खोलीभाडं, खाणं, प्रवास आणि दरमहा सव्वाशे-दीडशे युरोंचा सक्तीचा आरोग्यविमा भागवायचा. हे गणित पाचवीतलं मूल करू शकतं.

शिवाय तेवढं काम मिळायला जर्मन यावं लागतं. ‘इंग्लिशवर सगळं चालतं’ हेही तुमचंच. तुमच्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. तिथे वर्षानुवर्षं जर्मन शिकवतात. माझ्या हातात सहा महिने होते. तुम्ही एकदा जरी म्हणाला असतात की पोरी, आधी तिथे नाव घाल, तरी मी आज तुम्हाला निदान त्या एका गोष्टीसाठी दुवा दिला असता. इथे येऊन मी नगरपालिकेच्या रात्रीच्या वर्गात मुळाक्षरांपासून सुरुवात केली.

आता मी काय करते ते ऐका. मी हॉटेलात खोल्या आवरते. त्या कामाची मला लाज नाही. आईला चार घरची धुणी करावी लागली असती तर तिनेही ती मान ताठ ठेवूनच केली असती, आणि मी तिची मुलगी आहे. गादीवरची चादर ताणून चारही कोपरे घडीत बसवायचे. रजईची खोळ उलटी करायची, हात आत घालून दोन टोकं पकडायची, त्याच हातांनी रजईची टोकं धरायची आणि एका झटक्यात खोळ सुलटी खाली ओढायची. आमच्याबरोबरच्या एका बल्गेरियन मावशींनी मला ते शिकवलं, आणि त्यासाठी एक पैसा घेतला नाही. बाथरूमच्या काचेवर एक ओघळ राहिला तर सुपरवायझर खोली परत करायला लावते. ‘मिनीजॉब’ म्हणजे छोट्या नोकरीत कमाईची मर्यादा २०२५ मध्ये महिन्याला ५५६ युरो होती, म्हणजे साधारण त्रेचाळीस तास. तेवढंच काम मला मिळालं आहे. मी राहते बर्नाऊला. बर्लिनच्या उत्तरेला, एस-टू लोकलचं शेवटचं स्टेशन. शहरातल्या खोल्यांचं भाडं परवडत नाही आणि परवडलं तर घरमालक पत्त्याची नोंदणी करू देत नाही. नोंदणी नाही तर कर क्रमांक वेळेवर मिळत नाही, बँक खातं उघडताना अडतं, व्हिसाचं पुढचं काम खोळंबतं. इथे उतरल्यावर ही पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, दोन आठवड्यांत करायची असते, आणि मालकाने लिहून दिल्याशिवाय ती होत नाही. तुमच्या ‘पोस्ट-लँडिंग सर्व्हिस’मध्ये यातलं एक अक्षर नव्हतं. एक सिमकार्ड होतं.

हिवाळ्यात चारच्या आत सूर्य मावळतो. पहाटेची पाळी करून वर्गात जायचं, वर्गातून निघालं की अंधार. आठवड्यातले दोन दिवस वर्ग प्रत्यक्ष, बाकी लॅपटॉपवर. लॅपटॉपवरचे वर्ग मी चिपळूणला बसूनही केले असते. आई व्हिडिओ कॉलवर विचारते, जेवलीस का. मी हो म्हणते, आणि कॅमेरा भिंतीकडे राहील अशी बसते, म्हणजे तिला माझ्या मागचे कपड्यांचे ढीग आणि दुसरीची गादी दिसू नये. एका खोलीत आम्ही दोघी राहतो.

बंद खात्याबद्दल तुम्ही बाबांना जे सांगितलंत, ते मला सगळ्यात जास्त लागतं. व्हिसासाठी ११,९०४ युरो जर्मनीतल्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे या बंद खात्यात, ठेवावे लागतात. त्या वेळच्या भावाने पावणेअकरा-अकरा लाख रुपये. बाबा हादरले, तर तुम्ही म्हणालात, ‘काका, हे खर्चात धरू नका, हे डिपॉझिट आहे, परत मिळतं.’ परत मिळतं, पण कसं? मला महिन्याला ९९२ युरो मिळतात आणि त्यात मी राहते, खाते, विमा भरते. वर्षाच्या शेवटी खातं रिकामं होतं. बाबा अजून त्या पैशांची वाट बघतात. परवा फोनवर म्हणाले, ‘ते डिपॉझिट आलं की बँकेचा एक मोठा हप्ता भरून टाकू.’ कर्ज साडेसात लाखांच्या वर असल्याने घराची कागदपत्रं बँकेत तारण आहेत. बाबांना काय सांगू, सर? सांगायचं काम खरं तर तुमचं आहे.

तुमच्या माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर आयफेल टॉवर होता. ‘वीकेंडला पॅरिस, व्हेनिस, स्विस आल्प्स.’ मी पॅरिस पाहिलेलं नाही. मी पाहिलंय ते सांगते. माझ्या पासावर वेगवान गाड्या चालत नाहीत, रिजनल चालतात. जूनमध्ये सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघी रिजनल गाडीने रोस्टॉकला गेलो, तिथून लोकलने वार्नेम्युंडेला. डबे घरून भरून नेले होते. समोर बाल्टिक समुद्र. मी कोकणातली, गुहागरच्या पाण्यात वाढलेली. पाण्यात उतरून ओठांवर जीभ फिरवली तर खारटपणा अगदी नावाला होता. नद्यांचं गोडं पाणी इतकं मिसळतं तिथे की समुद्र फारच कमी खारा राहतो. रात्री साडेनऊनंतरही उजेड होता. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या फार सुंदर दिवसांपैकी आहे. हा देश मला आवडतो, हे तुम्ही नीट वाचा. इथली ग्रंथालयं मला आवडतात. रविवारी सगळी दुकानं बंद ठेवून बागेत नुसती बसणारी माणसं मला आवडतात. म्हणूनच मी जर्मनीला शिव्या देत बसलेली नाही. माझा राग तुमच्यावर आहे, आणि तो मी इतर कुणावर काढणार नाही.

आणि हे सगळं उघड लिहिते, कारण तुमच्या धंद्याला माल कमी पडणार नाही, हे मला दिसतंय. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत आपण पहिल्या क्रमांकावर आहोत. यातली कितीतरी मुलं सरकारी विद्यापीठांत, स्वतःच्या हिमतीवर गेलेली आहेत. पण खासगी कॉलेजांतल्या जवळजवळ प्रत्येक मुलामागे एखादे ‘सर’ असतात. २०२५ मध्ये बर्लिनमधल्या एका खासगी विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांना देश सोडायच्या नोटिसा आल्या. त्यांच्या अभ्यासक्रमाचा काही भाग ऑनलाइन असल्याने इथे राहण्याची गरज नाही, असं परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने ठरवलं. बातमी आली त्या रात्री आमच्या मजल्यावर कुणी झोपलं नाही. जो तो आपापल्या वेळापत्रकातले प्रत्यक्ष तास मोजत होता. तुमच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मी विचारलं, सर, आपल्या कॉलेजचं काय? दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढलं होतं.

तुमच्यासारखे सगळेच आहेत असं मी म्हणणार नाही. इथे मला सोलापूरचा एक मुलगा भेटला. त्याच्या सल्लागाराने फी घेतली, पावती दिली, सहा सरकारी विद्यापीठांना अर्ज भरून घेतले आणि दोन ठिकाणी नकार आल्यावर त्याला धीरही दिला. असं काम करून पोट भरता येतं. कमिशन घ्यायलाही हरकत नाही, पण ते समोर सांगा. घर विकून देणारा दलालसुद्धा दोन्हीकडची दलाली घेताना दोन्हीकडे सांगतो. तुम्ही तर आमच्या घराचाच व्यवहार करत होतात.

आता माझ्या मागण्या.

तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर, जिन्याच्या वर, माझा फोटो आहे. हातात पासपोर्ट, तोंडात तुम्ही भरवलेला पेढा. तो उतरवा. माझ्या चेहऱ्याकडे बघून रत्नागिरीची, लातूरची पोरं आत येत असतील, त्यांच्यामागून त्यांचे आईवडील. मी त्याला परवानगी दिली नव्हती आणि देणार नाही.

तुम्ही ज्या ज्या कॉलेजांकडून पैसे घेता त्यांची यादी त्याच भिंतीवर लावा, आणि प्रत्येक कॉलेज किती टक्के देतं तेही. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला कागदावर दोन हिशेब द्या, एक सरकारी विद्यापीठाचा, एक खासगीचा. बंद खातं खर्चात धरा. नोकरीचे पैसे जमेत धरू नका.

आम्ही इथल्या काही जणी दर रविवारी संध्याकाळी फोनवर बसतो. महाराष्ट्रातून कुणीही विचारायला फोन केला की गुणांचं गणित करून देतो, मुदती सांगतो, खोटी आशा दाखवत नाही. पैसे घेत नाही. गेल्या आठवड्यात गुहागरच्या एका मुलीने सांगितलं की तुम्ही तिला ‘पब्लिकला नाही होणार’ म्हणून सांगितलंत. तिचे गुण जर्मन पद्धतीत २.१ होतात. ती आता १५ जानेवारीच्या आत अर्ज करते आहे, तिचे पैसे परत करा.

आणि बाबांना लिहा. माझ्या नावावर कॉलेजकडून तुम्हाला किती युरो मिळाले, ते आकड्यात आणि अक्षरात. ते ‘डिपॉझिट’ परत येणार नाही, हेही. ईमेल नको, बाबा ईमेल बघत नाहीत. मराठीत लिहा, सही-शिक्का करा आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा. पत्ता तुमच्याकडच्या माझ्या फॉर्मवर आहे.

तुमची विद्यार्थिनी नसलेली,
बर्नाऊ, डिसेंबर २०२५